फोर्ट डेव्हिस: तट नसलेला किल्ला आणि त्यामागची पाणी नसलेली वाट

पश्चिम टेक्सासमधील फोर्ट डेव्हिसला निघण्यापूर्वी ओळखीच्या मंडळींनी आम्हाला तीन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या. किल्ला तासाभरात पाहून होतो, त्याच्या मागच्या डोंगरावरून शेजारच्या राज्य उद्यानात उतरणारी वाट सोपी आणि सावलीची आहे, आणि त्या भागात राहण्याची सोय स्वस्तात होते. या तिन्ही गोष्टी खोट्या निघाल्या, आणि मधल्या गोष्टीचा त्रास तर इतका झाला की हा वृत्तांत मुख्यतः तिच्यासाठीच लिहितो आहे. तरीही निकाल आधीच सांगून टाकतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सैन्याचे सीमेवरचे ठाणे कसे असे, हे समजून घ्यायचे असेल तर याहून नीट जतन केलेली जागा मी पाहिलेली नाही आणि तिच्यासाठी एवढा लांबचा प्रवास अवश्य करावा. मात्र किल्ल्याला पूर्ण दिवस द्यावा आणि पिण्याचे पाणी सोबत न्यावे. तुम्ही सह्याद्रीत चार-दोन गड चढलेले आहात, पायांत धड बूट आहेत आणि उन्हात टोपी घालायला तुम्हाला कोणी सांगावे लागत नाही, एवढे मी गृहीत धरतो.

गाडीतून उतरल्या उतरल्या बाबांनी विचारले, “अरे, तट कुठे आहे याचा?” तट नाही, आणि कधी नव्हताही. बुरूज नाही, दिंडी दरवाजा नाही, खंदक नाही. दोन कड्यांच्या मधल्या घळीच्या तोंडाशी एक विस्तीर्ण कवायतीचे मैदान, त्याच्या एका अंगाला अधिकाऱ्यांच्या घरांची सरळ रांग, समोरच्या अंगाला शिपायांच्या बराकी, आणि मागेपुढे कोठ्या, तबेले, रुग्णालय असा सगळा उघडा पसारा आहे. रायगड-राजगडावर पोसलेल्या आपल्या डोळ्यांना हे पाहून पहिली दहा मिनिटे फसवणूक झाल्यासारखे वाटते, आणि बरेच आपले लोक तेवढ्यावरच परत फिरतात. तसे करू नका. तट का नाही, हे एकदा कळले की सबंध जागा उलगडू लागते.

हे ठाणे १८५४ साली बसवले गेले. सॅन अँटोनिओ ते एल पासो हा सुमारे सहाशे मैलांचा रस्ता त्या काळी टपालाच्या, मालवाहू गाड्यांच्या आणि कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या कुटुंबांच्या वर्दळीचा होता, आणि तो मेस्कालेरो अपाची व कोमांची या मूळ रहिवासी जमातींच्या मुलखातून त्यांना न विचारता काढलेला होता. लेफ्टनंट कर्नल वॉशिंग्टन सीवेल यांच्या हाताखालच्या आठव्या पायदळाने लिंपिया ओढ्याजवळ या घळीच्या आत मुक्काम ठोकला आणि तत्कालीन युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांचे नाव जागेला दिले. हेच डेव्हिस पुढे यादवी युद्धात फुटीर दक्षिणेचे अध्यक्ष झाले. १८६१ साली टेक्सास राज्य संघातून फुटले तेव्हा संघराज्याच्या सैन्याने ठाणे सोडले, दक्षिणेच्या सैन्याने ते वर्षभर सांभाळले आणि मग तेही निघून गेले. १८६७ साली नवव्या घोडदळाच्या तुकड्या घेऊन लेफ्टनंट कर्नल वेस्ली मेरिट आले आणि त्यांनी घळीतून बाहेर, तोंडावरच्या मोकळ्या जागेत नव्याने बांधकाम सुरू केले. आज आपण जे पाहतो ते हे दुसरे ठाणे. पहिल्याचे फक्त पाये अधिकाऱ्यांच्या घरांमागे गवतात दिसतात.

अपाची योद्धे वेढा घालून बसणाऱ्यांतले नव्हते. लहान टोळ्यांनी येणे, जनावरे वळवून नेणे आणि शेकडो मैलांच्या वैराण प्रदेशात नाहीसे होणे ही त्यांची युद्धपद्धती होती, आणि तिच्यासमोर तटाचा काहीच उपयोग नव्हता. ठाण्याची खरी ताकद म्हणजे त्याचे घोडदळ किती लांब जाऊ शकते आणि वाटेतले कोणते पाणवठे त्याच्या हातात आहेत. १८८० च्या उन्हाळ्यात अपाची नेता व्हिक्टोरिओ मेक्सिकोतून उत्तरेकडे सरकू लागला तेव्हा दहाव्या घोडदळाचे कर्नल बेंजामिन ग्रिअरसन यांनी त्याचा माग काढत धावण्याऐवजी वाळवंटातले पाणवठेच आधी जाऊन धरले. ३० जुलैला तिनाहा दे लास पाल्मास येथे आणि ६ ऑगस्टला रॅटलस्नेक स्प्रिंग्ज येथे चकमकी झाल्या, व्हिक्टोरिओला दोन्हीकडे पाण्यापासून मागे हटावे लागले, आणि ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोतील त्रेस कास्तियोस येथे मेक्सिकन सैन्याशी लढताना तो मारला गेला. आपल्याकडे गडाची जागा ठरवताना आधी पाणी पाहत आणि खडकात टाकी खोदून घेत. इथल्या सेनानींनी तोच विचार दोन-तीनशे मैलांच्या प्रदेशावर मांडला होता. हे मी लढाईच्या हौसेने सांगत नाही. या भागात पाणी कुठे आहे आणि कुठे नाही, हाच प्रश्न आजही तुमच्या सहलीचा दिवस ठरवतो, म्हणून सांगतो.

प्रवासाचे थोडक्यात सांगतो. सॅन अँटोनिओहून इंटरस्टेट दहाने साधारण चारशे मैल पडतात आणि रस्ता इतका मोकळा आहे की वेगमर्यादा ताशी ऐंशी मैलांची आहे. डॅलस आणि ह्यूस्टनच्या लोकांनी हा प्रवास एका दमात करू नये, वाटेत मुक्काम करावा. पेट्रोल फोर्ट स्टॉक्टनला भरून घ्यावे, काटा अर्ध्यावर असला तरी भरावे. बालमोरियाजवळ महामार्ग सोडून सतरा क्रमांकाच्या रस्त्याने दक्षिणेकडे वळलात की लिंपिया ओढ्याच्या काठाने, उभ्या खडकांच्या स्तंभांमधून रस्ता वर चढतो. प्रवासाचा हा एवढाच तुकडा देखणा आहे, तो उजेडी पार करा. रात्री या रस्त्यावर हरणे फार येतात. मोबाइलला मध्ये बराच वेळ रेंज नसते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवा.

कागदपत्रांची गोष्ट मात्र थोडक्यात आटोपण्यासारखी नाही, कारण आपल्यातले कित्येक जण ती हसण्यावारी नेतात. मेक्सिकोची हद्द जवळ आहे. बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाकडून उत्तरेला येताना अल्पाइन गावाच्या दक्षिणेस आणि एल पासोकडून इंटरस्टेट दहाने पूर्वेला येताना सिएरा ब्लांकाजवळ सीमा गस्ती दलाचे कायमचे तपासणी नाके आहेत, आणि तिथे प्रत्येक गाडी थांबवून प्रवाशांना नागरिकत्व विचारतात. ज्यांच्याकडे अमेरिकेचे नागरिकत्व नाही अशा अठरा वर्षांवरील प्रत्येकाने आपला नोंदणीचा कागद, म्हणजे ग्रीन कार्ड किंवा आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद) सह पारपत्र, जवळ बाळगावे असा कायदाच आहे. भारतातून आलेल्या आईवडिलांचे पारपत्र “हरवेल” म्हणून घरी कपाटात ठेवून येणारे कुटुंब मी प्रत्यक्ष पाहिले आहे. नाक्यावर त्या वृद्ध दांपत्याला बाकावर बसवून ठेवले होते आणि मुलगा फोनवर शेजाऱ्याला कपाटाची किल्ली कुठे आहे ते सांगत होता. मूळ कागद न्या, छायाप्रतीवर विसंबू नका.

आता राहण्याविषयी. फोर्ट डेव्हिस हे अगदी लहान गाव आहे, खोल्या मोजक्या आहेत, आणि आम्ही उशिरा ठरवल्यामुळे नव्हे तर सगळेच शनिवार-रविवार धरून येतात म्हणून, दर मनमानी असतात. आम्ही घेतलेल्या जागेची जाहिरात “किल्ल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर” अशी होती. प्रत्यक्षात ती गावाबाहेर कच्च्या रस्त्याच्या टोकाला होती आणि किल्ल्याला जायला गाडीने अर्धा तास लागत होता. दाखवलेल्या दरावर सफाईचा आकार चढला, माणशी जादा आकार चढला, दोन रात्रींची सक्ती निघाली आणि शेवटी हातात पडलेला आकडा मूळ दराच्या दुपटीला थोडाच कमी होता. एवढे देऊन नळाचे पाणी गंजकट होते आणि मालक म्हणाला की पिण्यासाठी बाटल्या विकत घ्या, त्याही त्याच्याकडूनच. त्यामुळे माझा सल्ला स्पष्ट आहे. अंतिम रक्कम, सर्व आकार धरून, लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नका, जागेचा नेमका ठिकाणा नकाशावर स्वतः तपासा, आणि “चालत जाण्याजोगे” हे शब्द वाचले की ते खोटे समजूनच चला. राज्य उद्यानातली इंडियन लॉज ही १९३० च्या दशकात बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतील तरुणांनी बांधलेली कच्च्या विटांची वास्तू आहे, तिथे खोली मिळाली तर डोळे मिटून घ्या, पण त्यासाठी काही महिने आधी आरक्षण करावे लागते. ते न मिळाल्यास गावात राहण्याचा हट्ट सोडून अल्पाइनला राहा आणि पहाटे गाडी काढून या. ते अंतर पंचवीस मैलांच्या आत आहे आणि तिथे खोल्या अधिक आहेत.

किल्ला सकाळी आठला उघडतो तेव्हा दारात हजर राहा. प्रवेशशुल्क राष्ट्रीय उद्यान सेवेचे आहे आणि तिचा वार्षिक पास इथे चालतो. पण तोच पास शेजारच्या राज्य उद्यानात चालत नाही, कारण ते टेक्सास राज्याच्या ताब्यात आहे आणि त्याचे शुल्क वेगळे आहे. आम्हाला सांगणाऱ्यांनी “एकाच पासात दोन्ही होतात” असेही सांगितले होते, ते साफ चूक आहे.

स्वागतकक्ष जुन्या बराकीतच आहे. तिथली छोटी चित्रफीत पाहून घ्यावी आणि मग लगेच शेजारच्या, सजवून ठेवलेल्या बराकीत जावे. १८८० च्या दशकातील दहाव्या घोडदळाचे शिपाई कसे राहत, ते इथे जसेच्या तसे मांडले आहे. दोन्ही भिंतींना टेकवून लोखंडी खाटांच्या रांगा, त्यांवर गवत भरलेल्या गाद्या आणि करड्या घोंगड्या घडी घालून ठेवलेल्या, प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक लाकडी पेटी, मधोमध बंदुका उभ्या करून ठेवायची गोल चौकट आणि शेगडी. एका शिपायाच्या वाट्याला खाटेच्या रुंदीपेक्षा फार तर हातभर अधिक जागा येई. १८६७ ते १८८५ या काळात इथे नेमलेल्या नवव्या व दहाव्या घोडदळाचे आणि चोविसाव्या व पंचविसाव्या पायदळाचे शिपाई कृष्णवर्णी होते, आणि त्यांतले बरेच जण थोड्याच वर्षांपूर्वी गुलामगिरीतून सुटलेले होते. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राजवटीच्या अध्यक्षाचे नाव असलेल्या ठाण्यात त्यांनी रस्ते बांधले, तारायंत्राच्या तारा ओढल्या, टपालगाड्यांना सोबत केली, आणि दुसऱ्या एका पराभूत लोकसमूहाला त्याच्या भूमीतून हुसकावून लावण्याचे कामही केले. या दोन्ही गोष्टी एकत्र मनात धरूनच ही बराक पाहावी लागते.

बराकीनंतर थेट समोरच्या अधिकाऱ्यांच्या रांगेकडे जा. काही घरांची छपरे, व्हरांडे आणि खिडक्या पूर्ववत केल्या आहेत आणि काही मुद्दाम पडक्या अवस्थेत राखली आहेत. पडक्या घरांजवळ घाई करू नका. कच्च्या विटांची भिंत जवळून पाहिली की तिच्यातला गवताचा काडीकचरा, मातीतले बारीक खडे आणि पावसाने विटांच्या कडा कशा गोलावून टाकल्या आहेत हे दिसते. सोलापूर-लातूरकडच्या धाब्याच्या घरांच्या भिंती पाहिलेल्या माणसाला हे बांधकाम लगेच ओळखीचे वाटेल. वरचे छप्पर गेले की अशी भिंत काही पावसाळ्यांत मातीत मिळते. लष्कराने १८९१ साली ठाणे सोडले आणि राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून त्याला १९६१ साली कायद्याने मान्यता मिळाली, म्हणजे मधली सत्तर वर्षे या भिंती जवळजवळ वाऱ्यावर होत्या. एवढे उरले हेच नवल आहे, आणि म्हणूनच भिंतीवर हात टेकणारी, मुलांना वर चढवून छायाचित्रे काढणारी माणसे पाहून मला संताप येतो. तिथे स्पष्ट फलक लावलेले असताना आपल्यातल्याच एका गटाने हे केले. कृपा करून करू नका.

कमांडरचे घर ग्रिअरसन कुटुंबाच्या काळानुसार सजवलेले आहे. पियानो, जाळीचे पडदे, जेवणाचे टेबल हे सगळे पाहताना बराकीतली ती लाकडी पेटी आठवल्याशिवाय राहत नाही. रुग्णालय घळीत थोडे आत आहे आणि अनेक जण तेवढे चालायचे टाळतात. ते टाळू नका. जखमांपेक्षा हगवणीने आणि तापाने शिपाई अधिक पडत, आणि त्या काळच्या सैन्याचा हा इतिहास रुग्णालयाच्या रिकाम्या कक्षांत जसा समजतो तसा कोणत्याही फलकावरून समजत नाही.

पण माझ्या मते या जागेचा गाभा वेगळीकडेच आहे आणि तिकडे जवळजवळ कोणी थांबत नाही. ठाण्याच्या प्रार्थनामंदिराचे फक्त अवशेष उरले आहेत. या इमारतीत १८८१ च्या अखेरीस सेकंड लेफ्टनंट हेन्री ओसियन फ्लिपर यांच्यावर लष्करी खटला चालला. जॉर्जियात १८५६ साली गुलाम म्हणून जन्मलेले फ्लिपर १८७७ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून उत्तीर्ण झालेले पहिले कृष्णवर्णी अधिकारी होते. फोर्ट डेव्हिसला त्यांच्याकडे कोठीचा, म्हणजे शिधासामग्रीचा आणि तिच्या पैशांचा कारभार होता. हिशेबात तूट दिसताच त्यांनी ती लपवली आणि कमांडर कर्नल विल्यम शाफ्टर यांना खोटे सांगितले. शाफ्टर यांनी त्यांना पहाऱ्याच्या चौकीतल्या कोठडीत डांबले, आणि अधिकाऱ्याला अशा ठिकाणी ठेवणे त्या काळीही रीतीला धरून नव्हते. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून तूट भरून दिली. अपहाराच्या आरोपातून न्यायमंडळाने त्यांना निर्दोष सोडले, पण “अधिकाऱ्याला न शोभणारे वर्तन” या आरोपाखाली दोषी धरले आणि जून १८८२ मध्ये त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. पुढे त्यांनी अभियंता आणि भूमापक म्हणून दीर्घ कारकीर्द केली, निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी आयुष्यभर खटपट केली, आणि १९४० साली ते वारले. सैन्याने १९७६ साली त्यांची बडतर्फी सन्माननीय सेवामुक्तीत बदलली आणि १९९९ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली.

त्या अवशेषांपाशी उभे राहून आमच्या मुलीने ही सगळी हकिकत फलकावरून मोठ्याने वाचली. तिचा पहिला प्रश्न होता की पैसे भरले, चोरी सिद्ध झाली नाही, मग काढले का. याचे उत्तर मी तिला माझ्या परीने दिले, पण हा प्रश्न मुलांनी विचारावा म्हणून तरी त्यांना इथे आणावे असे मला मनापासून वाटते. अधूनमधून मैदानावर ध्वनिमुद्रित कवायत ऐकवतात, बिगूल, घोड्यांच्या टापा आणि हुकूम असे सारे. वेळ स्वागतकक्षात विचारून घ्या आणि तेव्हा अधिकाऱ्यांच्या व्हरांड्यात बसून ऐका, मैदानाच्या मध्ये उभे राहू नका. मध्ये उन्हाने जीव जातो.

आता ती वाट. किल्ल्याच्या मागे दोन्ही बाजूंना ज्वालामुखीच्या खडकाचे कडे आहेत, दक्षिणेच्या डोंगराला झोपलेल्या सिंहाचे नाव आहे. रुग्णालयाच्या मागून घळीतून एक वाट माथ्यावर चढते आणि पुढे डेव्हिस माउंटन्स राज्य उद्यानात उतरते. सांगणाऱ्यांनी ती “सकाळच्या फेरफटक्याची वाट” असल्याचे सांगितले होते. ते धादांत खोटे आहे. अंतर फसवे आहे, पण अंतराचा मुद्दाच नाही. घळीत पहिल्या काही मिनिटांत जी थोडीफार झुडपे लागतात तेवढीच काय ती सावली. पुढे खडकाच्या उंच पायऱ्या आणि त्यांवर पसरलेली सैल खडी असा चढ आहे, सह्याद्रीतल्या एखाद्या घसाऱ्यासारखा पण हाताला धरायला कारवीची एक फांदी नाही. जे धरावेसे वाटते ते निवडुंग असते. दहा वाजल्यानंतर घळीतला खडक तापतो आणि उष्णता खालून, वरून आणि दोन्ही बाजूंनी अंगावर येते. उंची पाच हजार फुटांच्या आसपास असल्यामुळे हवा थंड वाटते, घाम लगेच वाळतो आणि आपण किती पाणी गमावतो आहोत ते कळतच नाही. सगळा धोका याच गोष्टीत आहे. माथ्यावर पोहोचेपर्यंत माणशी एक लिटर पाणी संपलेले होते आणि वर एकही पाणवठा नाही, नळ नाही, निवारा नाही.

माथ्यावरून मात्र सबंध ठाणे एखाद्या आराखड्यासारखे खाली मांडलेले दिसते, आणि ते पाहून मी जो हरखलो तो अजून उतरलेला नाही. अधिकाऱ्यांची सरळ रांग, मैदान, बराकी, आणि पलीकडे ओढ्याकाठच्या झाडांची हिरवी रेघ. १८८० च्या दशकाच्या मध्यावर इथे शंभरांहून अधिक इमारती आणि चारशेहून अधिक शिपायांची सोय होती, हे इथूनच पटते. पहिले ठाणे घळीच्या आत बसवणे किती गैरसोयीचे होते तेही इथेच कळते, कारण कड्यांच्या माथ्यावर चढलेल्या कोणालाही खालची प्रत्येक हालचाल दिसली असती.

इथूनच परत फिरा. हा माझा ठाम निर्णय आहे आणि पुढे उतरण्यासाठी कोणी कितीही गळ घातली तरी ती मानू नका. राज्य उद्यानाकडचा उतार लांबलचक आणि कंटाळवाणा आहे, वर जे दिसले त्याहून अधिक काही तिथे दिसत नाही, आणि तितकेच चढून परत यावे लागते. तोवर दुपार झालेली असते. शिवाय किल्ला संध्याकाळी पाचला बंद होतो आणि तुमची गाडी आतल्या वाहनतळावर असते. आम्ही त्या परतीच्या चढावर एका खडकाच्या वीतभर सावलीत आळीपाळीने बसून शेवटचे पाणी घोटघोट वाटून प्यालो, पत्नीच्या पायांत पेटके आले, आणि खाली बाबा रुग्णालयाच्या ओट्यावर काळजीने वाटेकडे डोळे लावून बसले होते. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी आणि सकाळी आठलाच सुरुवात, यांपैकी एखादी जरी गोष्ट कमी असेल तरी वाटेला लागूच नका. लहान मुले आणि गुडघेदुखी असलेली माणसे यांना वर नेऊ नका. जुलै ते सप्टेंबर या काळात दुपारी इथे वादळी पाऊस होतो, तेव्हा माथ्यावर असणे म्हणजे विजेला आमंत्रण आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच उत्तम काळ. मार्चमध्ये ऊन सौम्य असते पण वारा इतका असतो की डोळ्यांत माती जाते. साप खरोखरच आहेत, पाय ठेवण्यापूर्वी खडकाची पलीकडची बाजू पाहा.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी माणसाने गावावर अजिबात विसंबू नये. आठवड्याच्या मधल्या दिवशी आम्हाला एकच उपाहारगृह उघडे दिसले आणि तिथे भाज्यांतही मांस घातलेले होते. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी बरोबर न्या, किल्ल्याच्या आवारात झाडांखाली बाके आहेत आणि तिथे बसून खाता येते. मॅकडोनल्ड वेधशाळा आणि बालमोरियाचा झऱ्याचा तलाव दोन्ही आम्ही पाहिले, दोन्ही छान आहेत, वेधशाळेच्या रात्रीच्या आकाशदर्शनाचे तिकीट मात्र आधी काढावे लागते.

वृद्ध आईवडील सोबत असतील तर डोंगर पूर्ण सोडून द्या आणि दिवस किल्ल्यावरच घालवा. मैदानाभोवतीच्या वाटा सपाट आहेत, बराक आणि कोठी त्यांना सहज पाहता येतात, आणि अधिकाऱ्यांच्या व्हरांड्यात बसायला जागा आहे. चाकाची खुर्ची लागणार असेल तर स्वागतकक्षात आधी विचारा. तिथले कर्मचारी प्रश्नांना मनापासून उत्तरे देतात, आणि वाटेच्या अवस्थेबद्दल आम्हाला खरे सांगणारे तेच पहिले होते, त्यामुळे चढण्यापूर्वी त्यांच्याशी बोला आणि ते नको म्हणाले तर जाऊ नका. परतताना पेट्रोल पुन्हा भरून घ्या आणि दुपारी तीनच्या आत निघा, म्हणजे सतरा क्रमांकाचा घाट उजेडी उतरून महामार्गाला लागता येते.